मोठ्या वयाचे कुत्रे घरी आणताना

आमच्या घरी रस्त्यावरून आणलेली कुत्री राहतात हे ठाऊक झाल्यापासून ग्वाल्हेरमधले ओळखीचे लोक अधूनमधून फोन करतात, आणि बहुतेकांची मागणी एकच असते: पिल्लू हवे, दीड-दोन महिन्यांचे, शक्यतो नर. या मागणीत गैर काही नाही. परंतु अपघातातून किंवा आजारातून वाचवलेली जी कुत्री आमच्यापर्यंत येतात, त्यांतली बरीचशी पूर्ण वाढलेली असतात आणि ती बरी झाल्यानंतरही त्यांना न्यायला सहसा कोणी येत नाही. मला त्यांच्याबद्दल लिहायचे आहे, कारण आमच्या घराने जे सुख पाहिले आणि जे दुःख सोसले, ते दोन्ही अशाच कुत्र्यांनी आणले.

तांबू आली ती ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजच्या बाजूला, एका वाहनाखाली सापडून. दिवस मे महिन्याचे होते. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, लू वाहते, आणि डांबरावर पडून राहिलेल्या जखमी जनावराला सावलीपर्यंत सरपटत जाणेही जमत नाही. तिच्या कंबरेचे हाड मोडले होते. कुत्र्यांमधली अशी काही मोडलेली हाडे शस्त्रक्रियेवाचूनही जुळून येतात, मात्र त्यासाठी जनावराला लहानशा जागेत काही आठवडे सक्तीने निजवून ठेवावे लागते. डॉक्टरांनी तेच सांगितले आणि आम्ही ओसरीचा एक कोपरा फळ्या लावून अडवला.

हाड जुळले, पण मन जुळायला फार वेळ लागला. दत्तक घेतलेल्या कुत्र्याला भीती कमी व्हायला तीन दिवस, घराची रीत समजायला तीन आठवडे आणि घर आपले वाटायला तीन महिने लागतात, असे या कामातली मंडळी सांगतात. ढोबळ अंदाज म्हणून ते ठीकच आहे, परंतु तांबूला त्याहून बराच अधिक काळ लागला. केरसुणी उचलली की ती भिंतीला चिकटून बसे. आम्ही पाहत असताना ती खात नसे. पोळीचा तुकडा तोंडात धरून ती कोपऱ्यात जाई, तो फरशीवर ठेवी आणि नाकाने त्याच्यावर माती लोटू लागे. माती तिथे नव्हतीच, नुसती गुळगुळीत फरशी होती. तरीही ती नाक घासून घासून तो तुकडा पुरत राही, इतकी की नाकावरची कातडी सोलवटून निघाली. उद्या अन्न मिळेल याची खात्री ज्याला कधी लाभलेली नाही, त्याचे वागणे मी तेव्हा प्रथम इतक्या जवळून पाहिले.

मग एका संध्याकाळी तिने अर्धी भाकरी थाळीतच सोडली आणि कुशीवर पडून ती झोपी गेली. पाहणाऱ्याला यात काहीच विशेष वाटले नसते. मी मात्र सर्वांना हाका मारून ती उरलेली भाकरी दाखवली. पिल्लू पहिल्या दिवसापासून अंगाशी येते, आणि ते गोड असतेच. पण माणसांना घाबरण्याची पुरेपूर कारणे असलेला जीव आपण होऊन विश्वास टाकतो, त्या क्षणाची तुलना मला दुसऱ्या कशाशी करता आलेली नाही.

सासूबाईंचे सोवळे कडक. त्यांच्या देवघरात दत्ताची तसबीर आहे, आणि दत्ताच्या पायांशी बसलेली चार कुत्री म्हणजे चार वेद, असे त्या नातवंडांना सांगत आल्या आहेत. कुत्री घरात आल्यावर त्या काय म्हणतील याची मला धास्ती होती. त्यांनी दोन दिवस काही म्हटले नाही आणि मग म्हणाल्या, “दत्ताच्या पायांशी चार बसतात. आपल्या ओसरीवर एक बसली तर काय बिघडले? स्वयंपाकघरात तेवढी येऊ देऊ नकोस.” आजही तांबू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबते आणि तिची पोळी सासूबाई स्वतःच्या हाताने तिथे आणून देतात.

शेजारच्या काकूंचे मत वेगळे होते. “वहिनी, पाळायचेच तर चांगल्या जातीचे तरी पाळावे, गावठी कुत्र्याला काय शिकवणार?” असे त्या म्हणाल्या. काकूंना वाईट बोलायचे नव्हते. हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. पण आपल्या शहराजवळच टेकनपूर आहे, आणि तिथे सीमा सुरक्षा दलाचे श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून चालू आहे. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाचे नाव मिरवणारी मुधोळ हाउंड आणि रामपूर हाउंड या आपल्याच मातीतल्या कुत्र्यांना तिथे आता कामासाठी तयार केले जाते. रस्त्यावरचे गावठी कुत्रे म्हणजे मुधोळ नव्हे, हे मान्य. पण देशी रक्ताला शिकता येत नाही हा आरोप तरी टिकत नाही. तांबूला हाक, थांबणे आणि दारातून माणसाच्या मागून बाहेर पडणे, हे सारे भाजलेल्या चण्यांच्या लालचीवर शिकवता आले.

खंड्याविषयी लिहिणे मला जड जाते. तो कंपू भागातून आला, जेमतेम वर्षाचा असेल. नाकाडोळ्यांतून पाणी, खोकला, ताप. औषधांनी दोन आठवड्यांत तो सुधारला, खाऊ लागला, तांबूशी खेळू लागला. मग एके सकाळी त्याच्या जबड्याचा एक बाजूचा स्नायू उडताना दिसला. ठरावीक लयीत, जागेपणी आणि झोपेतही, तो उडतच राहिला, आणि पुढे मागचा पायही उडू लागला. डॉक्टरांनी त्याचे तळवे दाबून पाहिले. ते कडक झाले होते. हा डिस्टेंपर. या रोगात श्वासाची लक्षणे ओसरल्यावर, कुत्रे बरे झाले असे वाटत असताना, विषाणू मेंदूवर उतरू शकतो. विषाणू मारणारे खात्रीचे औषध नाही. झटके कमी करायचे, पोटात अन्नपाणी जाऊ द्यायचे, एवढेच हाती असते. काही कुत्री निभावतातही, म्हणून आम्ही थांबलो. झटके थांबेनासे झाले, तेव्हा डॉक्टरांशी बोलून आम्ही त्याला शांतपणे जाऊ देण्याचा निर्णय घेतला. शेवटपर्यंत माझा आवाज ऐकला की त्याची शेपटी हलत होती.

माणूस गेले की दिवस असतात, दहावा-तेरावा असतो, लोक येऊन बसतात. कुत्र्यासाठी रडणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी “आता दुसरे आणा” असे सांगितले जाते. हे दुःख सांगायला आपल्या समाजात जागाच ठेवलेली नाही, आणि ती असायला हवी असे मला मनापासून वाटते.

ज्या रोगाने खंड्या गेला त्याची लस आहे, म्हणून हे तपशिलाने सांगते. पिल्लाला सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली मात्रा, नंतर साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, आणि त्यानंतर ठरल्या वेळी पुन्हा. मोठे कुत्रे आणले तर त्याच्या लशींचा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो. तेव्हा तो नाहीच असे धरून सुरुवात करावी, आणि घरातल्या आधीच्या कुत्र्याची लस पूर्ण झाल्यावाचून नवे कुत्रे त्याच्याजवळ सोडू नये. तांबूची लस पूर्ण झालेली होती, म्हणून ती वाचली. पार्व्हो या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाने पिल्लू गेले असेल तर त्या घरात लस न झालेले दुसरे पिल्लू घाईने आणू नये, कारण तो विषाणू जमिनीत महिनोन्महिने तग धरतो. रेबीजच्या लशीविषयी तर तडजोड नाहीच: माणसात त्याची लक्षणे उमटल्यावर तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो. घाबरलेले कुत्रे चावू शकते. चावलेच तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

प्राणी जन्म नियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांनुसार रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून, कानाला खाच पाडून, त्याला मूळ जागी सोडतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी मोकाट कुत्र्यांविषयीच्या आदेशात असेही म्हटले की, कोणाला ती दत्तक घ्यायची असतील तर पालिकेकडे अर्ज करावा, आणि दत्तक घेतलेले कुत्रे परत रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्या माणसाची राहील. ही अट मला अतिशय योग्य वाटते. हौस फिटल्यावर दूरच्या वस्तीत नेऊन सोडलेले कुत्रे मी पाहिले आहे. तिथली कुत्री त्याला उभे राहू देत नाहीत.

सध्या आमच्याकडे एक काळी कुत्री आहे, चारेक वर्षांची. शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालणारे पुष्कळ आहेत. पण हिच्या मागच्या अंगाला झालेल्या गाठीतून रक्त गळू लागल्यावर सगळे तिला हाकलू लागले. ती गाठ कुत्र्यांमध्ये समागमाने पसरणारी असते आणि व्हिन्क्रिस्टीन या औषधाच्या आठवड्यागणिक दिलेल्या इंजेक्शनांनी बहुतेकदा पूर्ण जाते. हिचीही गेली. नसबंदी झाली आहे, लशी झाल्या आहेत, डाव्या कानाला खाच आहे. मोटारसायकलच्या आवाजाला दचकते, लहान मुलांजवळ शांत असते, रात्री दारापाशी झोपते. दुसऱ्या कुत्र्याशी तिचे जमते, मांजराशी जमत नाही. ग्वाल्हेरमध्ये कोणाच्या ओसरीवर तिला जागा असेल, तर आधी दोन-तीनदा येऊन तिच्याजवळ नुसते बसावे. ती आपण होऊन जवळ येऊ लागली की मगच पट्टा घेऊन यावे.