बोरेच्या जंगलात, थडग्यांच्या शेजारून जॉगिंग

नॉर्वेत व्हायकिंग, म्हणजे हजारएक वर्षांपूर्वीचे तिथले दर्यावर्दी, बघायचे म्हटलं की सगळे ओस्लोच्या म्युझियमचं नाव घेतात, पण पळायचंही असेल ना तर हॉर्टनजवळचं बोरे गाठा राव. आज गेलो होतो. फ्योर्डच्या (म्हणजे समुद्राच्या लांब खाडीच्या) काठाला लागून जंगल, वाट एकदम सोपी, माझ्यासारख्या पटकन दम लागणाऱ्यालाही जमते, आणि झाडांमध्ये मधेच हे भले मोठे गवताळ उंचवटे, पोरांना वाटलं घसरगुंडीच, खरं तर ती व्हायकिंग काळातल्या आणि त्याच्याही आधीच्या बड्या लोकांची थडगी, काही तर ४५ मीटर रुंद!! मी काही वर चढलो नाही, कुणाच्या डोक्यावर उभं राहून सेल्फी काय काढायचा.

१८५२ मध्ये रस्त्याच्या कामाला खडी हवी म्हणून यातलाच एक उंचवटा फोडला तर आत जहाज निघालं (बड्या माणसाला तेव्हा जहाजासकट पुरायचे), म्हणजे लाकूड कधीच कुजलेलं, उरलेले फक्त लोखंडी खिळे, आणि सोबत घोड्याच्या साजाचे सोन्याचा मुलामा दिलेले तुकडे. त्यांच्यावरच्या नक्षीला आता जगभर 'बोरे शैली' म्हणतात. खडीसाठी काहीही खणणारे सगळीकडे सारखेच दिसतात 😄

पोटऱ्या बोंबलतायत पण परत जाणारे. येताय का कोणी पुढच्या रविवारी? डबा मी आणतो.