वर्कशॉपचे सर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लेख पाठवा, असं समितीचं पत्र आलं. मैदान, प्रार्थना, स्नेहसंमेलन यांवर इतर जण लिहितीलच. मला लिहायचं आहे ते फक्त आपल्या वर्कशॉपच्या सरांबद्दल. त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि आपल्यापैकी कुणाला ते सांगायची गरजही नाही.

सर मूळचे इंजिनिअर. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून ते किर्लोस्करवाडीला पंपांच्या कामावर लागले होते. आबांना, म्हणजे त्यांच्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाळीची नोकरी करून आबांचं सगळं नीट होणार नाही हे ओळखून सर शाळेच्या तांत्रिक विभागात आले. दुपारच्या सुट्टीत पाच मिनिटांत घरी पोचता येतं, हे त्यामागचं एकमेव कारण. लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी ते फार आदरानं सांगत. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत, ती नोकरी सोडून बेळगावला गेले आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर त्यांनी कारखाना आणि गाव वसवलं. लक्ष्मणराव शिकवणं सोडून कारखान्याकडे गेले. सर कारखाना सोडून शिकवायला आले. गावानं याला नुकसान म्हटलं. सरांच्या तोंडून तो शब्द कुणी ऐकला नाही.

शाळेच्या विहिरीवरचा पंप अनेकांना आठवत असेल. वळवाच्या वादळात तारा तुटल्या, दोन दिवसांनी लाइन आली, मोटर सुरू झाली, पण टाकी काही भरेना. फूट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाइपच्या तळाच्या झडपेत, कचरा अडकला असणार असं ठरवून सक्शनचा, म्हणजे विहिरीतून पाणी ओढणारा, पाइप वर ओढायला चार माणसंही बोलावली गेली. सर आले, त्यांनी मोटर क्षणभर चालू करून लगेच बंद केली आणि थांबत आलेल्या मोटरच्या पंख्याकडे पाहिलं. तो उलटा फिरत होता. तारा जोडताना दोन फेजची अदलाबदल झाली होती. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी फेकतो, आवाजही नेहमीसारखाच येतो, म्हणून फसगत होते. तसाच चालू ठेवला तर आट्यांवर बसवलेला इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारं आतलं चक्र, सैल होऊन निघतो. सरांनी मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात ठेवले आणि मोटरला जाणाऱ्या तीन तारांपैकी दोन आपसांत बदलल्या. काम दहा मिनिटांचं. पाइप विहिरीतच राहिला. काही न खोलता जे तपासता येतं ते आधी तपासायचं, हा त्यांचा क्रम कायम असे: दिशा, मग प्रायमिंग (पंपात आधी पाणी भरलेलं आहे का), मग सक्शनच्या सांध्यातून हवा शिरते का, आणि सर्वांत शेवटी फूट व्हॉल्व्ह.

त्याच विहिरीवर त्यांनी शिकवलेलं पुस्तकात कुठे इतकं स्पष्ट नव्हतं. हवेच्या दाबानं पाणी जास्तीत जास्त ३४ फूट चढतं, पण पाइपातलं घर्षण वगैरे धरता पंप पाण्यापासून २० ते २२ फुटांच्या वर ठेवायचा नाही. सक्शनचा पाइप पंपाकडे चढता हवा, मध्ये उंचवटा राहिला तर तिथे हवा साठते. ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट पंपाबाहेर येतो तिथे त्याभोवती दोरी भरून केलेल्या बंदिस्तीतून, थेंब थेंब पाणी पडलंच पाहिजे. ते बंद करायला नट आवळत गेलं की दोरी कोरडी पडते, तापते आणि शाफ्टवर चरे पडतात. ग्लँडच्या दोरीच्या कड्या तिरक्या कापायच्या आणि प्रत्येक कडीचा सांधा आधीच्या कडीपासून पाव फेरा सरकवून बसवायचा.

पण सरांची खरी इंजिनिअरिंग पाहायची तर त्यांच्या घरी. आबांचा पलंग त्यांनी लाकडी ठोकळ्यांवर चढवून १८ इंचांवर आणला, म्हणजे कडेला बसलं की आबांचे तळवे सपाट जमिनीवर टेकत. पलंग फार खाली असला तर उठताना सगळा भार एका गुडघ्यावर येतो. फार उंच असला तर माणूस घसरतो. पायथ्याला गाठी मारलेला दोर बांधला होता. डाव्या हातानं एकेक गाठ धरत आबा स्वतः उठून बसत. न्हाणीकडे जायच्या वाटेवर एक इंची जी.आय. पाइपची दांडी होती. पाइपला एक इंची म्हणत असले तरी त्याचा बाहेरचा व्यास ३४ मिलिमीटरच्या आसपास भरतो आणि तो मुठीत पक्का बसतो. दोन इंची पाइप मजबूत दिसतो, पण अशक्त मूठ त्याभोवती मिटत नाही. भिंत आणि दांडी यांत दोन इंच जागा सोडलेली, आणि दांडीची टोकं भिंतीकडे वळवलेली, सदऱ्याची बाही अडकू नये म्हणून. दांडी दोन्ही बाजूंना होती. एकाच हातात ताकद असलेल्या माणसाला जाताना एका बाजूचा आधार लागतो आणि येताना दुसऱ्या. हे बसवणारे अजूनही विसरतात.

शेवटच्या काळात आबा अंथरुणाला खिळले तेव्हा सरांनी ड्रॉइंग शीटवर पाळ्यांचा तक्ता आखला होता. दर दोन तासांनी कूस: डावी, पाठ, उजवी. कूस बदलताना माकडहाड, टाचा आणि खुबे पाहायचे. लाली दिसली तर बोटानं दाबायचं, दाबल्यावर ती पांढुरकी झाली नाही तर तिथे जखम सुरू झाली असं समजून त्या कुशीवर ठेवायचं नाही. चादरीला सुरकुती नको. टाचा अधांतरी राहाव्यात म्हणून पोटऱ्यांखाली उशी. रात्री बारा ते पहाटे चार ही पाळी सरांनी स्वतःकडे ठेवली होती, काकूंना सलग झोप मिळावी म्हणून. आणि सकाळी पहिल्या तासाला ते वर्कशॉपमध्ये हजर असत.

काकूंचा ओटाही त्यांनी पाडून पुन्हा बांधला. गवंड्यानं सगळ्यांना बांधतो तसा बांधला होता, आणि काकूंचे खांदे दुखायचे. सरांनी त्यांना उभं करून कोपरापासून जमिनीपर्यंत मोजलं: ३६ इंच. त्यातून पाच वजा करून ३१ इंचांवर ओटा घेतला. ज्याच्यासाठी वस्तू करायची त्याचं माप आधी घ्यायचं, एवढीच त्यांची रीत. लोखंडी प्लेटवर कानस मारताना ट्राय स्क्वेअर (गुण्या) उजेडाकडे धरून फट शोधायला लावणारे सर आणि काकूंच्या कोपराला टेप लावणारे सर यांत मला काही फरक दिसत नाही.

त्या वर्कशॉपमधून निघालेली मुलं आज शिरोली, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत आहेत. मी पाणीपुरवठ्याच्या कामात आहे आणि ग्लँडची दोरी आजही पाव फेरा सरकवूनच बसवून घेतो. शाळेतलं वर्कशॉप मात्र राहिलं नाही. व्हाइस गेले, लेथ गेलं, बाकं भंगारात गेली, खोलीत आता संगणक आहेत. संगणक हवेतच, पण हाताला माप कळण्याची ती एकच जागा होती, आणि ती घालवायला नको होती. हे लिहिल्याबद्दल समितीनं राग मानू नये.

सरांचं तैलचित्र सभागृहात लावायचं ठरतंय असं कळलं. त्याच पैशात मुख्य इमारतीला रॅम्प करावा, अशी माझी विनंती आहे. माझा वाटा मी देतोच. जोतं दोन फूट उंच आहे. एकास बारा उतार धरला तर चढाची लांबी २४ फूट होते, आणि पुढच्या पटांगणात तेवढी जागा आहे. बारा फुटांवर पाच फुटांचा सपाट विसावा ठेवावा, कडेला चार इंचांची कड घ्यावी, चाक घसरू नये. वर गुळगुळीत फरशी नको, काँक्रीटला झाडूनं रेघा ओढलेल्या पुरतात. आणि दांडी दोन्ही बाजूंना, एक इंची पाइपची.