रात्री अकरानंतरचा फोन

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, रील्स बंद असं त्याच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी ठरवलं होतं, आणि तिसऱ्याच रात्री पावणेबारापर्यंत स्क्रोल करत बसलो. कुणी बघत नव्हतं म्हणा, पण तोच तर प्रॉब्लेम आहे ना, मोह नेहमी कुणी नसतानाच येतो.

दुसऱ्या दिवशी बायबलमधला लूक ४ वाचला, सैतान येशूला मोहात पाडायला बघतो तो अध्याय. लहानपणी संडे स्कूलला पाठ होता, पण एक गोष्ट आत्ता नीट लक्षात आली, ४० दिवस उपाशी असलेला येशू सैतानाशी वाद घालत बसत नाही, तिन्ही वेळा 'अनुवाद' या जुन्या करारातल्या पुस्तकातलंच एक एक वचन सांगतो आणि विषय संपवतो. मी मात्र दर वेळी स्वतःशी चर्चा करतो, पाचच मिनिटं, आज खूप दमलोय वगैरे, आणि चर्चा सुरू झाली की मी हरलोच.

मग स्तोत्र ५१. बथशेबाचं, म्हणजे दुसऱ्याच्या बायकोशी व्यभिचाराचं, प्रकरण झाल्यावर, नाथान संदेष्ट्याने तोंडावर सुनावल्यावर दावीद राजाने केलेली प्रार्थना. तो शुद्ध हृदय मागतो तिथे मूळ हिब्रूत 'बारा' हा शब्द आहे, बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, पहिल्याच ओळीत आकाश आणि पृथ्वी निर्माण केली म्हणताना आहे तोच! म्हणजे तो जुनं रिपेअर करून मागत नाहीये, नवीनच मागतोय. हे वाचून मला जरा हायसंच वाटलं, कारण माझी रिपेअरिंगची कामं आजवर कधी टिकलेली नाहीत.

आता चार्जर स्वयंपाकघरात हलवलाय. बायको हसते.