विडीचा पैसा विडीत नको

सोलापुरात विडी घरकुलच्या भागात मी अकरा वर्षं बचत गटांचं काम केलं. आधी बी.कॉम., मग एमएसडब्ल्यू. महिन्याची बैठक, गटाची वही, अंतर्गत कर्ज, बँकेच्या फेऱ्या, यात माझी तिशी गेली आणि ती चांगली गेली. २०२३ मध्ये प्रकल्पाचा निधी संपला, नोकरी सुटली. पण मन आधीच हललं होतं.

गटातल्या एका बाईने एकदा बैठक संपल्यावर साडीच्या दुकानातली पिशवी माझ्यापुढे रिकामी केली. विम्याच्या चार पॉलिसी आणि एका पतसंस्थेची ठेवपावती. वर्षाचे हप्ते २६ हजार, नवरा यंत्रमागावर. पॉलिसी देणारा नात्यातलाच. पतसंस्थेला टाळं लागलेलं. ती रडली नाही, नुसतं म्हणाली, "ताई, तुमाला इचारलं असतं तर बरं झालं असतं." विचारलं असतं तरी मला नीट सांगता आलं नसतं, हे मला माहीत होतं. आम्ही बायकांना पैसा साठवायला शिकवलं. साठलेला पैसा ठेवायचा कुठे, हे त्यांना ज्यांना कमिशन मिळत होतं त्यांनी शिकवलं. ही चूक आमची, असं मी आजही मानते.

सोपा रस्ता होता म्युच्युअल फंड वितरकाचा. एनआयएसएम या गुंतवणूक क्षेत्रातल्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची एक परीक्षा द्यायची, एआरएन हा वितरकाचा नोंदणी क्रमांक घ्यायचा, की काम सुरू. पण त्यात फंड कंपनी कमिशन देते, आणि त्या पिशवीनंतर मला ते नको होतं. मला सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी केलेली गुंतवणूक सल्लागार व्हायचं होतं: फी ग्राहकाकडूनच घ्यायची, कंपनीकडून रुपयाही नाही. अडचण अशी की त्या नोंदणीला या क्षेत्रातल्या अनुभवाची अट होती, आणि माझा अकरा वर्षांचा अनुभव त्यात बसत नव्हता. तरी मी एका सीएंच्या ऑफिसात हिशेब लिहायचं काम धरलं आणि रात्री अभ्यासाला बसले.

सल्लागाराच्या परीक्षा दोन, एनआयएसएमच्याच, एक्स-ए आणि एक्स-बी. प्रत्येकी १५० गुण, तीन तास, पास व्हायला ६० टक्के, चुकीच्या उत्तराला गुण वजा. सगळं इंग्रजीत. शाळा मराठी माध्यमाची असल्याने मला आधी प्रश्न समजायलाच वेळ लागायचा. पहिल्या वेळी एक्स-एला ८४ पडले, सहा गुण कमी. पुण्याहून परतताना गाडीत ठरवलं की येत नाही तो प्रश्न सोडून द्यायचा. दुसऱ्या वेळी तेच केलं आणि १०३ मिळाले. एक्स-बीतले कुटुंबांच्या उदाहरणांवरचे प्रश्न मला जवळचे वाटले. घरात कमावणारे किती, आजारपण कुणाला, मुलीचं लग्न कधी, हे सगळं आम्ही गृहभेटीत विचारत आलोय.

डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने नियम बदलले. अनुभवाची अट गेली, वाणिज्य शाखेची पदवी पुरेशी ठरली, आणि नेटवर्थ, म्हणजे स्वतःची निव्वळ मालमत्ता, दाखवण्याऐवजी ठेव आली. १५० ग्राहकांपर्यंत एक लाख रुपये. ते मी माझ्या दोन बांगड्या मोडून उभे केले आणि मुदत ठेवीवर बीएसईच्या, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या, नावे लिएन (ठेव परस्पर मोडता येऊ नये असा बोजा) टाकून घेतला. माझी बी.कॉम.ची गुणपत्रिका इतक्या वर्षांनी ट्रंकेतून निघाली. पुढचे कागद, शंका, पुन्हा कागद, यात काही महिने गेले. कुणी या वाटेने येणार असेल तर एवढंच सांगेन: सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का ते आधी बघा. माझं सासर-माहेरच्या नावांत अडकलं होतं.

नियमाने एका कुटुंबाकडून ठरावीक फी वर्षाला १,५१,००० रुपयांपर्यंत घेता येते. माझ्याकडे येणाऱ्यांत तेवढी देणारं कुणी नाही. शिक्षक, नर्स, बँकेतले लोक माझी ठरलेली पूर्ण फी देतात, गटातल्या बायकांकडून मी नाममात्र घेते. घर कसंबसं चालतं.

मूल्यांचा विषय मी काढत नाही, लोकच काढतात. पंढरपूरच्या एका माळकरी गुरुजींना दारूची कंपनी नको होती. एका मुस्लिम भगिनीला व्याज नको होतं. तिला मी शरीयतला धरून चालणारे फंड दाखवले, पण हेही सांगितलं की त्यांत बँका नसतात, आणि निफ्टीत, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकात, तर बँका आणि वित्तसंस्थांचाच वाटा एक तृतीयांशाच्या आसपास. त्यामुळे बाजार वर गेला तरी तुमचा फंड तसाच जाईल असं नाही. हे आधी सांगितलं नाही तर पुढे विश्वास तुटतो.

गेल्या महिन्यात एक स्टाफ नर्स आली, सोबत आई. आईने चाळीस वर्षं विड्या वळल्या, बोटांची टोकं अजून काळपट. लेकीला साधा निफ्टी ५०चा इंडेक्स फंड हवा होता, म्हणजे निफ्टीतल्याच कंपन्यांत पैसा घालणारा. मी त्यातल्या कंपन्यांची यादी काढून एकेक नाव वाचायला लागले.

आईने मधेच विचारलं, "यात आमचा कारखाना हाय का?"

"विडीचा नाही, पण सिगारेटची कंपनी आहे."

त्या जरा थांबल्या. "त्याच्यावरच पोरं शिकली माझी. पण पैसा त्यात नको."

मग आम्ही तंबाखू, दारू, जुगार वगळणारा ईएसजी फंड (पर्यावरण, समाज आणि कारभार बघून कंपन्या निवडणारा) बघितला. नावात ईएसजी आहे म्हणून मी विश्वास ठेवत नाही, फंड कंपनी दर महिन्याला जाहीर करते ती पूर्ण यादी वाचते. वाचायला पाऊण तास लागला. लेकीने डायरेक्ट प्लॅनमध्ये, म्हणजे ज्यात वितरकाचं कमिशन नसतं त्यात, महिना पाच हजारांची एसआयपी लावली, मी माझ्या फीची पावती दिली. निघताना आईने त्या यादीची झेरॉक्स मागून घेतली, शेजारच्या बायकांना दाखवायला.