आवाज कुठे मुरत होता

पुणे आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्‌झवर लॅपटॉपच्या स्पीकरमधून स्वच्छ ऐकू येत होती. म्हणजे गच्चीवरून शेवग्यापर्यंत ताणलेली दहा मीटरची तार ठीक, डोंगल म्हणजे लॅपटॉपला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर ठीक, तो चालवणारा एसडीआर शार्प हा प्रोग्रॅमही ठीक. तरी त्याच स्क्रीनवर बाजूला उघडलेल्या डब्ल्यूएसजेटी-एक्स या संदेश उलगडणाऱ्या प्रोग्रॅममधली आवाजाची पट्टी शून्यावरच होती. चार रात्री मी त्या शून्यामागे होते. कुणी आज याच ठिकाणी अडकलं असेल तर त्याच्या चार रात्री वाचाव्यात, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आमचं गाव फलटणजवळ, नीरा उजव्या कालव्याच्या भिजणीखालचं. मला ७.०७४ मेगाहर्ट्‌झवरचे एफटी८ संदेश वाचायचे होते. एफटी८ म्हणजे रेडिओवरून छोटे मजकूर पाठवायची एक डिजिटल पद्धत. प्रक्षेपण नाही, नुसतं ऐकणं. ती स्टीव्ह फ्रँके आणि जो टेलर यांनी २०१७ मध्ये आणली. हे टेलर म्हणजे १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ. जगभरचे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, दर मिनिटाच्या ०, १५, ३० आणि ४५ व्या सेकंदाला आपला संदेश सुरू करतात. प्रत्येक संदेश साधारण साडेबारा सेकंदांचा आणि जेमतेम ५० हर्ट्‌झ रुंदीचा. कानाला तो नुसत्या खरखरीत बुडालेला वाटतो, पण सॉफ्टवेअर तो उलगडतं. मात्र त्याला आवाज मिळायला हवा, आणि माझा आवाज वाटेतच कुठेतरी मुरत होता.

डोंगल साधंच, आरटीएल२८३२यू चिपचं. त्याचा ट्यूनर २४ मेगाहर्ट्‌झच्या खाली नीट जात नाही, म्हणून सॅम्पलिंग मोडमध्ये डायरेक्ट सॅम्पलिंग, क्यू ब्रँच निवडायची, म्हणजे ट्यूनरला वळसा घालून लहरी थेट चिपमध्ये जातात. हे पहिल्याच दिवशी जमलं. खरी गुंतागुंत पुढे होती. एका प्रोग्रॅमचा आवाज दुसऱ्यात न्यायचा तर मध्ये आभासी केबल लागते. मी व्हीबी-केबल घेतली. ती बसवली की विंडोजमध्ये दोन नवी नावं दिसतात: ‘केबल इनपुट’ आणि ‘केबल आउटपुट’.

पहिली रात्र या दोन नावांतच गेली. मी रेडिओच्या बाजूने विचार करत होते. एसडीआर शार्पमधून आवाज बाहेर पडतो, तर तिथे ‘आउटपुट’च निवडायचं असणार. पण त्या यादीत ‘केबल आउटपुट’ नव्हतंच. होतं ते ‘केबल इनपुट’, तेही अर्धवट, कारण एमएमई या विंडोजच्या जुन्या ऑडिओ पद्धतीच्या यादीत उपकरणाचं नाव ३१ अक्षरांवर तुटतं आणि शेवटचा शब्द अर्धवट राहतो. ही नावं केबलच्या बाजूने दिलेली आहेत. ‘इनपुट’ म्हणजे केबलचं आत घेणारं तोंड, म्हणून ते एसडीआर शार्पच्या हाती द्यायचं. ‘आउटपुट’ म्हणजे बाहेर सोडणारं तोंड, ते डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये इनपुट म्हणून निवडायचं. आणि पहिलं तोंड जोडलं की स्पीकर गप्प होतो. काही बिघडलं म्हणून मी परत स्पीकरवर गेले, असं तीनदा केलं. बिघडलेलं काहीच नसतं, आवाज केबलमध्ये वळलेला असतो.

दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी आमची होती. आप्पा दारं धरत होते आणि शेवटच्या सरीला पाणी पोचत नव्हतं. ते शेवटच्या सरीशी खटपट करत बसले नाहीत. पाटाच्या तोंडापासून चालत आले, प्रत्येक दाऱ्यापाशी थांबून पाणी बघत. मधल्या बांधाला घुशीने बीळ पाडलं होतं, तिथे सापडलं. मी मात्र चार ठिकाणची सेटिंगं एकदम बदलत होते आणि कशाने काय झालं ते कळत नव्हतं.

त्या रात्री वहीत ओळीने लिहिलं: डोंगल, एसडीआर शार्प, केबलचं आत घेणारं तोंड, बाहेर सोडणारं तोंड, डब्ल्यूएसजेटी-एक्स. मग विंडोजचं जुनं साउंड पॅनेल उघडलं. प्लेबॅकच्या टॅबवर ‘केबल इनपुट’च्या शेजारी हिरव्या रेघा खालीवर होत होत्या. इथवर पाणी होतं. रेकॉर्डिंगच्या टॅबवर ‘केबल आउटपुट’च्याही हलत होत्या. तिथेच प्रॉपर्टीजमध्ये ‘लिसन’ नावाची सोय आहे, ती चालू केली तर खरखर थेट स्पीकरवर आली. म्हणजे केबल पूर्ण वाहत होती आणि बीळ होतं ते शेवटच्या दाऱ्यावर.

ते सापडलं प्रायव्हसीच्या पानावर. काही महिन्यांपूर्वी कुणी आपलं बोलणं ऐकू नये म्हणून मीच मायक्रोफोनची परवानगी सगळ्या प्रोग्रॅमना बंद केली होती. विंडोजच्या लेखी केबलचं बाहेरचं तोंड हाही मायक्रोफोनच. डेस्कटॉप ॲप्सना परवानगी दिली, डब्ल्यूएसजेटी-एक्स बंद करून उघडलं आणि पट्टी एकदम वर चढली. इतकी की लाल झाली.

लाल पट्टी म्हणजे आवाज फाटतोय. नुसती खरखर असताना ती ३० डेसिबलच्या आसपास हवी. एसडीआर शार्पचा आवाज कमी करत करत तिथे आणली. कानासाठी सुखद असणारी नॉइज रिडक्शन (खरखर कमी करणारं), स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद करणारं) ही सगळी बटणं बंद केली. एफटी८ खरखरीच्या खालचाही संदेश शोधतं, आणि आपण ती साफ करायला गेलो तर संदेशही पुसला जातो. माझ्या मते नवख्याने सगळ्यात आधी हेच करावं.

तरी वॉटरफॉलवर, म्हणजे आलेले सिग्नल रंगांत दाखवणाऱ्या सरकत्या चित्रावर, मध्येच आडव्या काळ्या फटी पडत होत्या आणि उजवीकडचा भाग ओस होता. फटी पडत होत्या, कारण आवाजाचे दर सेकंदाचे नमुने, म्हणजे सॅम्पल रेट, एसडीआर शार्पमध्ये ४४,१०० आणि केबलमध्ये ४८,००० अशी ओढाताण चालली होती. केबलची दोन्ही तोंडं आणि एसडीआर शार्प असं सगळं ४८,००० वर आणलं. एसडीआर शार्पमधलं सॅम्पल रेट रिसीव्हर थांबवल्याशिवाय बदलत नाही, हे लक्षात ठेवा. लेटन्सी, म्हणजे आवाज पुढे सोडण्याआधीचा उशीर, थोडी वाढवली आणि फटी गेल्या. उजवीकडचा ओसपणा फिल्टरमुळे होता. यूएसबी (इथे केबलची नव्हे, अपर साइडबँड हा रिसीव्हरचा मोड) याची रुंदी २,४०० हर्ट्‌झ होती, ती ३,००० केली.

आता वॉटरफॉलवर पिवळ्या रेघा दिसत होत्या, पंधरा सेकंदांनी सुरू होणाऱ्या, संपणाऱ्या. अक्षर मात्र एकही उमटत नव्हतं. त्यात आवाजाचा काही दोष नव्हता, हे मला फार उशिरा सुचलं. मोबाइलशेजारी लॅपटॉपचं घड्याळ धरलं तर चार सेकंदांचा फरक. दोन-अडीच सेकंदांपलीकडे फरक गेला की एफटी८ उलगडत नाही. घड्याळ इंटरनेटशी जुळवलं आणि पुढची पंधरा सेकंदं थांबले.

सहा ओळी एकदम आल्या. दोन वायबी या कॉलसाइनने (हॅमच्या ओळखनावाने) सुरू होणाऱ्या, म्हणजे इंडोनेशिया. एकीपुढे ओआय३३ होतं, हॅम लोक नकाशाचे जे चौकोन पाडतात त्यातला तो जकार्ताचा चौकोन. एक व्हीयू, आपल्याच देशातलं कुणीतरी. वेळेचा फरक दाखवणाऱ्या डीटीच्या रकान्यात सगळीकडे शून्याजवळचे आकडे. मी मोठ्याने वाचायला लागले, तर आप्पा जागे होऊन आले.

“एवढ्या रात्री कुणाशी बोलतेस?”

“बोलत नाही आप्पा, ऐकतेय. हे जकार्ताचं आहे.”

त्यांनी चश्मा लावला, वहीतली ती पाच नावांची ओळ वाचली आणि मायक्रोफोनच्या परवानगीखाली मी मारलेल्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, “बीळ इथं होतं व्हय?”

दीडच्या सुमारास जेएने सुरू होणारी, जपानची, पहिली ओळ आली. रात्रीच्या पाळीसाठी आप्पा बॅटरी घेऊन निघाले होते, ती ओळ बघायला ते दारातून परत आले.