आमची वाटचाल : सदाफुलीच्या पानांवर उभा राहिलेला व्यवसाय

२०११ साली सांगोला तालुक्यातील आमच्या दीड एकर मुरमाड रानात आम्ही सदाफुली लावली, तेव्हा देवळाच्या आवारात आपोआप उगवणाऱ्या फुलाची शेती कशासाठी करायची, असा प्रश्न गावातल्या अनेकांना पडला होता. हे झाड मूळचे मादागास्कर बेटावरचे असून शोभेसाठी जगभर नेले गेले आणि आपल्याकडे इतके रुळले, की ते परके आहे यावर अजूनही कुणाचा चटकन विश्वास बसत नाही. शेळ्या-मेंढ्या त्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे आमचा कुंपणाचा खर्च वाचला. मात्र ज्या कडू, विषारी द्रव्यांमुळे जनावरे दूर राहतात, त्यांतूनच औषध निघते.

मधुमेहावरील घरगुती उपाय म्हणून या पानांचा लौकिक होता. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी त्याची परीक्षा केली, तेव्हा साखरेपेक्षा प्राण्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशीच घटलेल्या आढळल्या आणि त्यातूनच पुढे व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध हाती आले. व्हिन्क्रिस्टिन हे त्याच पानांतील दुसरे औषध लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही वापरले जाते. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी साधारण ५०० किलो वाळलेली पाने लागतात, हा आकडा प्रथम ऐकला तेव्हा आपल्या एकेका गोणीची किंमत मला कळली.

ती किंमत कळूनही २०१३ मध्ये आमचा ४०० किलो माल परत आला. वरची पाने वाळलेली दिसत होती, पण गोण्यांच्या पोटात ओल राहून बुरशी धरली होती, आणि तो दोष सर्वस्वी आमचाच होता. त्यानंतर आम्ही सावलीत जाळीचे मांडव घातले आणि दिवसातून दोनदा पाने उलथण्याचा नियम केला. मूठभर पाने चुरगाळून पाहायची, पान कुरकुरले तरी मधली शीर वाकली तर माल भरायचा नाही आणि शीर कट्कन मोडली तरच गोणी शिवायची, ही पारख आमच्या शेडमधल्या मावशींची नजर आणि बोटे करतात.

ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत रानात पाणी साचले, मर लागली आणि निम्मे पीक गेले. तेव्हापासून लागवड उंच वाफ्यांवरच होते. बियाणे आम्ही घरचेच धरतो. जोडशेंगा पिवळसर होताच सकाळी तोडाव्या लागतात, कारण उन्हात त्या उकलल्या की मोहरीहून बारीक काळे बी मातीत हरवते.

आज आसपासचे नऊ शेतकरी आमच्याकडे पाने देतात. घाऊक माल औषधनिर्मितीसाठीच जातो. किरकोळ विक्री आम्ही कधी सुरू केली नाही. "दादा, वडिलांना साखर आहे, पावशेर तरी पूड द्या," अशी विनंती घेऊन माणसे शेडच्या दाराशी येतात आणि त्यांची काळजी मला समजते. परंतु पांढऱ्या पेशी खाली आणणारे पान अंदाजाने, चमच्याने मोजून घरी देणे धोक्याचे आहे. म्हणून त्यांना बसवून, पाणी देऊन, हे सारे समजावून आम्ही रिकाम्या हाताने परत पाठवतो.