कट्टी दोघींची असते

मुलीच्या वर्गशिक्षिकांनी भेटायला बोलावले, तेव्हा तिला कोणी तरी छळत असणार असे गृहीत धरून मी तावातावानेच शाळेत गेले. छळणाऱ्यांत तीच होती. तिने कोणाला मारले नव्हते की शिवी दिली नव्हती. एक वर्गमैत्रीण जवळ आली की चौघी जणी खेळ मोडून दुसरीकडे निघून जात, एवढेच, आणि हे तीन आठवडे चालले होते.

“लहान मुलींची कट्टी आहे, होईल बट्टी,” असे मी माझ्या मोडक्या नॉर्वेजियनमध्ये सांगू पाहिले. त्या शांतपणे म्हणाल्या की भांडण दोघींचे असते, इथे चौघींसमोर एकटी आहे. जाणूनबुजून, वारंवार आणि बळ विषम असताना दिलेला त्रास म्हणजे छळ, ही नॉर्वेतल्याच बर्गन शहरातले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांची व्याख्या इथे शिक्षकांना पाठ असते. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्यावर, १९८३ मध्ये त्यांच्या कामाच्या आधारे देशभरच्या शाळांत छळाविरुद्ध मोहीम झाली.

मला खटकला तो कागद. शाळेत सुरक्षित वाटते की नाही, हे इथल्या कायद्याने मुलाच्याच अनुभवावरून ठरते आणि नाही म्हटले की शाळेला लेखी आराखडा करावा लागतो. शिक्षिकांनी मला त्याचा कोरा नमुना दाखवला: अडचण कोणती, उपाय कोणते, ते कधी करणार, जबाबदारी कोणाची, आढावा केव्हा. मधल्या सुट्टीतल्या खेळासाठी पाच रकाने! आपल्याकडेही महाराष्ट्राने रॅगिंगविरुद्ध १९९९ मध्येच कायदा केला, हे मी त्यांना ऐकवलेच. शाळेतल्या छळाला आपण अजून ‘चिडवाचिडवी’ म्हणतो, हे मात्र सांगितले नाही. शिवाय एवढे रकाने असूनही त्या मुलीचे तीन आठवडे कोणाला दिसले नाहीत, हेही खरेच आहे.

तरी निघताना ऐकलेले काही मनात राहिले. रविवारी संध्याकाळी नेमके पोट दुखणे, वस्तू वारंवार हरवणे, फोन पाहून गप्प होणे यांकडे लक्ष द्यावे, “तू काय केलंस?” असे न विचारता “आज सुट्टीत कोणाबरोबर होतीस?” असे विचारावे, आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून माफी वदवून घेऊ नये, कारण छळ सोसणाऱ्याला तिथे खरे बोलता येत नाही. बघ्यांनी भांडायला जाण्याचीही गरज नसते, “चल, आमच्यात ये” एवढे म्हटले तरी पुष्कळ होते.

“पण आम्ही तिला काहीच केलं नाही, फक्त निघून जायचो,” असे मुलगी घरी म्हणाली. माझाही बचाव तोच होता.

आता ती मुलगी त्यांच्यात खेळते. काल लेक सांगत होती की लपाछपीत तिच्यावर राज्य आले, तर ती डोळे पूर्ण मिटत नाही; आम्ही लपतोय की निघून जातोय, हे बोटांच्या फटीतून बघत राहते.